मदत हवी आहे: हॅम्बुर्गच्या क्लबात वाजवलेल्यांच्या आठवणी
बीटल्स हा इंग्लिश बँड 1960 च्या ऑगस्टमधे जर्मनीत हॅम्बुर्गला इंद्रा क्लबात वाजवायला गेले तेव्हा रोज साडेचार तास अन शनिवार-रविवारी सहा तास स्टेजवर, आणि झोपायला बांबी किनो थेटरात पडद्यामागची खिडकी नसलेली खोली, आंघोळपांघोळ काय ती थेटरच्याच टॉयलेटात!! त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन तर 18 चापण नव्हता म्हणून पोलिसांनी परत धाडला. हे सगळं वाचून झालंय हो, पण मला हवेत त्याच काळात तिथे वाजवणाऱ्या बाकीच्या पोरांचे अनुभव, म्हणजे कैसरकेलर, टॉप टेन, 1962 ला सुरू झालेला स्टार क्लब वगैरे क्लबांतले. बीटल्सचं कौतुक पुरे आता :) कुणाला मुलाखती, रेकॉर्डिंग माहितीयत का? इंग्लिश सबटायटल असेल तर जर्मनपण चालेल. हॅम्बुर्गवाले कुणी असाल तर ग्रोसे फ्रायहाइट या क्लबांच्या गल्लीत आता बघण्यासारखं काय उरलंय तेही सांगा प्लीज.