घरातले विजेचे बिघाड: कसे शोधलेत, कुठे थांबलात?

रातराणी, चिंचवड

गेल्या रविवारी रात्री स्वयंपाकघर आणि हॉल एकदम अंधारात. बाकी घर चालू. मोबाइलची बॅटरी लावून बोर्डाशी गेले, तर एक एमसीबी खाली पडलेला. वर ढकलला, पडला. पुन्हा ढकलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ढकलणार तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मिक्सरची पिन काढ आधी. मगाशी त्यातनं तडतड झाली होती." पिन काढली आणि एमसीबी बसला. मिक्सरची वायर ओट्याच्या कडेला घासून आतलं तांबं दिसत होतं. तोच ओटा मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते.

दुसऱ्या दिवशी वायरमनने विचारलं, "किती वेळा ढकललात?" दोनदा म्हटलं. "म्हणजे दोनदा शॉर्ट सर्किट करून बघितलंत."

म्हणून हा धागा. काय बिघडलं, कसं सापडलं आणि कुठल्या टप्प्यावर हात मागे घेतलात, ते लिहा. 'ओल्या हाताने बटण लावू नये' वगैरे नको, ते शाळेत झालंय.

चौथा मजला, नाशिक

आमच्या आरसीसीबीने जुलैमध्ये आठ दिवस छळलं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी: एमसीबी जास्त लोडला किंवा शॉर्ट सर्किटला पडतो, तो वायर वाचवतो. आरसीसीबी माणसाला वाचवायला असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय ना, एवढाच हिशोब तो ठेवतो. घरच्या आरसीसीबीत साधारण ३० मिलिअँपिअरची तूट आली की सगळं बंद. तूट म्हणजे करंट कुठून तरी जमिनीत जातोय. ओल्या भिंतीतून, गीझरच्या टाकीतून, नाहीतर आपल्यातून.

माझा संशय गीझरवर. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, कॉइलवर क्षार चढून ती तडकते, असं दोनदा झालंय. बायकोचा संशय फ्रीजवर. मुलाचा आरसीसीबीवरच: "बाबा, बायपास करून टाकू का?" (यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.)

मग शिस्तीत घेतलं. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. पद्धत बरोबर, पण उत्तर येईना, कारण सगळे एमसीबी खाली असतानाही तो मधूनच पडायचा! दोन रात्री डोकं खाजवलं. मग उलगडलं. आमचे एमसीबी सिंगल पोल, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो कुठे अर्थिंगला टेकला असेल तर हिशोब चुकतोच. सॉकेटच्या बटणाचंही तेच. म्हणजे बटण बंद करून भागत नाही, पिना उपसाव्या लागतात.

सगळ्या उपसल्या. फ्रीज ओढून त्याचीही. गीझर थेट जोडलेला, त्याचा न्यूट्रल वायरमनला बोलावून सोडवून ठेवला. आरसीसीबी टिकला. मग दर पंधरा मिनिटांनी एक पिन, नोंद वहीत. वॉशिंग मशीनची पिन लावली आणि घर बंद. मशीनचं बटणसुद्धा चालू केलं नव्हतं. बाल्कनीत ठेवलेलं, पावसाची झड थेट मागच्या बाजूला. मागचं झाकण मी काढलं नाही, मेकॅनिकने काढलं. आत ओल आणि झुरळांचा संसार.

गीझरची माफी मागितली.

साडेआठची लोकल, डोंबिवली

आमच्याकडे आठवडाभर सकाळी बांगड्याचा वास. शेजारी देशस्थ, पण हल्ली काही सांगता येत नाही म्हणून गप्प बसलो. वास बाथरूमबाहेरच्या गीझरच्या सॉकेटमधून येत होता. आतला स्क्रू सैल, पिनेचा एक पाय काळा, प्लास्टिक वितळलेलं. २ किलोवॅटचा गीझर म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, सैल जोडावर रोज अर्धा तास. एमसीबी पडत नाही, कारण करंट त्याच्या हद्दीत असतो. तापतो तो जोड. प्लास्टिक जळताना मासळीसारखा वास येतो, हे पन्नाशीत कळलं.

जुना वाडा, सातारा

आमच्या घरात दोन्ही भोकांत टेस्टर लागायचा आणि दिवा मात्र लागायचा नाही. वडील म्हणायचे, "डबल करंट आलाय." आजूबाजूला सगळेच तसं म्हणत. खरं कारण उलटं होतं. न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला होता. बटण चालू राहिलेल्या दुसऱ्या कुठल्या बल्बातून फेज येऊन त्या तुटक्या न्यूट्रलवर उभा राहत होता. दिवे बंद, पंखा बंद, म्हणून 'लाइट गेलीय' समजून काकांनी होल्डरमध्ये हात घातला. स्टुलावरून खाली आले. वाचले. तेव्हापासून 'लाइट गेलीय' हे वाक्य मी खरं मानत नाही.

खटका, कोल्हापूर

मी वायरमनच आहे, बावीस वर्षं झाली. वरच्या गोष्टीला पुरवणी. एकट्या घराचा न्यूट्रल तुटला तर दिवे जातात. पण तीन फेज येणाऱ्या इमारतीचा मुख्य न्यूट्रल तुटला तर एका घरात दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्यात २३० ऐवजी चारशेच्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात. ट्यूब एकदम लख्ख झाली, पंखा विमानासारखा पळायला लागला, तर कारण शोधत बसू नका. आधी मेन खाली.

आणि टेस्टरबद्दल. तो लागला नाही म्हणजे वीज नाही, असं नसतं. आतला निऑन मेलेला असतो, उजेडात दिसत नाही. आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. मी आजही असंच करतो, गिऱ्हाईक हसलं तरी.

पागोळी, कुडाळ

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या मोठ्या पावसानंतर. आई मागीलदारी कपडे वाळत घालायला गेली आणि लगेच परत आली. "तार चावता," म्हणाली. आम्ही हसलो. मग वाडीतल्या कुत्र्याकडे लक्ष गेलं, ते पत्र्याच्या खांबाजवळून जाताना लांबून वळसा घालत होतं.

बाबांनी मेन बंद केलं. मला वाटलं, झालं. पण बाबांनी तारेला हात लावू दिला नाही. टेस्टर धरला तर लागतोच आहे! म्हणजे करंट आमच्या घरातला नव्हताच, मेनच्या आधीचा होता. खांबावरून मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. पत्रा ओला, पत्र्याला लोखंडी पाइप आणि पाइपाला आमची कपड्यांची तार. १९१२ ला फोन केला, लाइनमन यायला दोन तास. तेवढा वेळ आम्ही काय केलं तर अंगणात खुर्च्या आडव्या टाकल्या, गोठ्यातली म्हैस गोठ्यातच ठेवली आणि शेजाऱ्यांच्या पोरांना ओरडत बसलो. दुरुस्ती दहा मिनिटांची होती.

आता तारेच्या जागी नायलॉनची दोरी आहे आणि ती दोन माडांना बांधलीय.

गुळपोळी, लातूर

छोटा अनुभव. ट्यूबची पट्टी बदलायला मेन बंद केलं, पट्टीला हात लावला, झटका. इन्व्हर्टर! त्याला मेनशी देणंघेणं नाही, मेन बंद झालं की तो उलट कामाला लागतो. आता आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचं आउटपुट तोडते, मग मेन.

मोदकपात्र, न्यू जर्सी

इथे घरात १२० व्होल्ट, पण डोकेदुखी तेवढीच. वरच्या बाथरूमचं सॉकेट मेलं. ब्रेकर सगळे जागेवर. इथे ओल्या जागी जीएफसीआय नावाचं सॉकेट असतं, काम साधारण तुमच्या आरसीसीबीसारखं, आणि एकच जीएफसीआय पुढच्या तीन-चार सॉकेटांची राखण करू शकतं. ते कुठे बसवलंय हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. दोन दिवसांनी सापडलं गॅरेजमध्ये, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यामागे. रीसेट दाबलं, वरचं बाथरूम जिवंत. इलेक्ट्रिशियनची वेळ घेतलेली होती, ती रद्द केली.

चौथा मजला

पंख्याचं कोणी लिहिलं नाही? हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा. मी स्वतः बदलतो.

खटका

दादा, बदला, पण बटण बंद करून नाही, एमसीबी खाली करून. काही घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मंद मिणमिणतो ना, त्याचं हे एक कारण. आणि कपॅसिटर वीज गेल्यावरही थोडी साठवून ठेवतो, त्याची टोकं उघड्या बोटांनी धरू नका.

मीटरच्या आधीच्या बाजूला मी माझ्या घरीसुद्धा हात लावत नाही. आणि रातराणीताई, तुमच्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असेल. महिन्यातून एकदा दाबायचं, लगेच पडला पाहिजे. शेवटचं कधी दाबलंत?

रातराणी

खटकादादा, कधीच नाही. घर २०११ चं. आत्ता जाऊन दाबलं. काही झालं नाही. यांनी दाबून पाहिलं, सासूबाईंनी दाबून पाहिलं. दिवे मस्त चालू आहेत.

गीझर बंद करून ठेवलाय. वायरमन उद्या नऊला येतोय, तोवर आंघोळी गॅसवरच्या पाण्याने.