तुमच्याकडं कोण होता? डब्ल्यूडब्ल्यूएफच्या खेळण्यांचा अनुभव धागा

दिव्यांच्या अवसेला, २४ जुलै २०२५ ला, मी परभणीत आईकडं होतो. घरातल्या समया, निरांजनं, जुना कंदील घासूनपुसून तिनं चौरंगावर मांडले होते, पुढं कणकेचे गोड दिवे. रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर बातमी आली, डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीतला मल्ल हल्क होगन गेला. ७१ वर्षांचा होता. बातमी वाचली आणि माझी नजर गेली ती चौरंगाकडं. हाच चौरंग उलटा करून १९९३-९४ साली आम्ही त्याच्या कुस्त्या लावल्या होत्या.

चौरंग उलटा केला की चार पाय वर येतात. तेच रिंगचे चार खांब. आमच्या चौरंगाच्या पायांना कातीव खाचा आहेत. त्या खाचांतून आईच्या परकराचा नाडा तीन फेऱ्यांनी गुंडाळायचा, म्हणजे तीन दोर. नाडा ताणून बांधला की गडी त्यावर आदळून परत आत यायचा. सुतळीनं ते होत नाही, सुतळी चेपून राहते. हे आम्हाला आठ दिवसांच्या खटपटीनंतर कळलं होतं.

माझा होगन, म्हणजे त्याचा पुतळा, मामानं आणला, सिकंदराबादहून. पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकखाली बसवलेला, साडेचार इंचांचा, पिवळ्या चड्डीतला, पांढुरक्या मिशांचा. त्या काळातल्या या हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांत प्रत्येकाला एकच चाल दिलेली असायची. कुणी कमरेतून पिळून सोडला की ठोसा मारायचा, कुणी खाली दाबून सोडला की उडायचा. आमच्या होगनचे दोन्ही हात स्प्रिंगचे होते. ताणून सोडले की समोरच्याला मिठीत आवळायचे.

पण आवळायला समोर कोणी नव्हतं! गल्लीत आम्ही सहा पोरं आणि खरा गडी हा एकच. मग बॅटरीचा मोठा सेल योकोझुना हा अवाढव्य मल्ल झाला, कारण वजनाला तोच भारी. काळ्या शाईची दौत म्हणजे काळ्या कोटातला मल्ल अंडरटेकर, आणि त्याचा मॅनेजर पॉल बेअररच्या हातातला कलश म्हणून कुंकवाचा करंडा. गुलाबी खोडरबर म्हणजे गुलाबी कपड्यांतला मल्ल ब्रेट हार्ट. होगन सेलाला मिठीत घेऊन उचलायचा आणि चौरंगाच्या फळीवर आपटायचा. तो धप्प असा आवाज मला अजून ऐकू येतो.

होगन माझा होता, पण रात्री कुणाच्या घरी झोपायचा हे पाळीनं ठरायचं. अशाच एका पाळीत त्याचा डावा हात ढिला झाला. कुणाच्या घरी झाला हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कुस्ती लागली तेव्हा सहाही जणांनी ठरवून टाकलं की होगनचा खांदा निखळलाय, आता तो एका हातानं लढणार.

तर तुमच्याकडं कोण होता? कुठून आला, कुणासोबत खेळलात, शेवटी गेला कुठं, सगळं लिहा. विकतचा नसला, घरी केलेला असला तर जरूर लिहा. आपल्याकडं तेच जास्त होते.

निलंगा तालुका, जि. लातूर

विकतचा एकही नव्हता. आम्ही पोळ्याच्या मातीचे केले.

पोळ्याला घरोघर मातीचे बैल होतात. बैल झाले की उरलेला गोळा आमचा. नुसत्या मातीला वाळताना तडे जातात म्हणून आजी तिच्यात थोडा पिंजलेला कापूस मळायची. पायांत तुराटीचे तुकडे घालायचे, नाहीतर गडी उभा राहत नाही. खांद्यात बाभळीचा काटा आरपार घातला की हात वरखाली होतो. चार दिवस सावलीत वाळवले. उन्हात ठेवलेला पहिला अंडरटेकर कमरेतून फुटला होता. मग काजळी लावून दुसरा केला.

आबा म्हणजे आजोबा, तरुणपणी यात्रेतल्या फडात खेळलेले. रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आमच्याच तालुक्यातले, त्यांचं नाव आबा कानाच्या पाळीला हात लावून घ्यायचे. आम्ही ओसरीवर दोन गडी आडवे करून "वन, टू, थ्री" मोजत होतो. आबा बाजेवरून उठून आले.

"काय मोजायलास रं?"

मी सांगितलं, खांदे टेकवून तीन मोजले की हरला.

"पाठ लागली की कुस्ती झाली. मंग तीन कशाला मोजायलास? एकदा लागलेली पाठ तिनापत्तोर काय सुटती व्हय?"

मग ते मांडी घालून बसले आणि मातीचे दोन गडी हातात घेऊन ढाक हा डाव कसा लागतो ते दाखवलं. काखेतून हात कसा जातो, कंबर कुठं लागते, पाय कुठं अडवतात. बोटं थरथरायची त्यांची, पण गड्याचा हात मोडला नाही. त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर अंडरटेकरनं ढाक मारली, एकलंगी भरली, घिस्सा ओढला. मोजणी बंद झाली.

पोळ्याचे बैल पुढं तुळशीपाशी जातात, तसे हेही गेले. दोन पावसांत माती झाली. दरवर्षी नवे केले. आबा गेले त्या वर्षी केले नाहीत.

छत्रपती संभाजीनगर (तेव्हा औरंगाबाद)

आमच्याकडं पुतळ्यांच्या आधी पत्ते आले. डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं. रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. योकोझुना हातात आला की वजन मागायचं, जायंट गोन्झालेस आला की उंची. कार्डावर तो आठ फुटांचा होता. वर्गात किलो शिकवायचे आणि आम्ही डोक्यात पौंड घेऊन हिंडायचो.

आमच्या गल्लीत मराठी, उर्दू, मारवाडी सगळी पोरं. "वेट बोल", "हौ, पाँच सौ के ऊपर", असा खेळ चालायचा. एका मित्राला वाचता येत नव्हतं, शाळा सुटली होती, गॅरेजवर जायचा. त्याला प्रत्येक कार्डाचे सगळे आकडे चित्रावरून पाठ होते. आम्ही कार्ड पाहून सांगायचो, तो न पाहता.

पुतळे नवरात्रात, कर्णपुऱ्याच्या यात्रेत. मऊ पोकळ प्लास्टिकचे, पिशवीत चार गडी नि एक प्लास्टिकची रिंग. कंपनीचं नाव नाही. डोकं ओढलं की निघायचं. एकाचं डोकं दुसऱ्याला बसवून आम्ही नवे मल्ल तयार केले. मला अस्सलपेक्षा ते जास्त आवडले, हे आजही ठाम सांगतो. अस्सल गडी एकच चाल करतो. पोकळ गड्याकडून काहीही करून घेता येतं.

नांदेड

धाग्यात भाऊच भाऊ दिसताहेत म्हणून लिहिते. आम्ही दोघी बहिणी. भावाच्या अंडरटेकरला कोट नव्हता. यात्रेतला होता, टोपीसुद्धा रंगवलेली, निघायची नाही.

आई घरी शिवणकाम करायची. मोडलेल्या छत्रीचं काळं कापड तिनं जपून ठेवलं होतं. माझ्या ताईनं त्याचा कोट कापला. छत्रीच्या कापडाला शिवण घालणं अवघड, सुई घसरते, आणि एकदा भोक पडलं की ते दिसतच राहतं. आईनं बाह्या मशीनवर घालून दिल्या. बाही करंगळीएवढी होती. पायापर्यंत लांब, मागं चीर, कॉलर उभी राहावी म्हणून आत लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. लाइट गेलेली असताना मेणबत्ती लावून तो कोट घातलेला अंडरटेकर कोनाड्यात उभा केला आणि टीव्हीवरच्यासारखी घंटा म्हणून देवघरातली घंटा वाजवली. आजीनं घंटा काढून घेतली, कोटाला मात्र चांगलं म्हणाली.

१९९९ च्या रॉयल रंबल या बऱ्याच मल्लांच्या लढतीत चायना नावाची बाई मल्ल उतरली. त्या लढतीत उतरलेली पहिली बाई. तोवर ताई फक्त कपडे शिवायची. त्यानंतर तिनं भावाला सांगितलं, एक गडी माझा. एका पोकळ गड्याला दोऱ्याचे लांब काळे केस चिकटवले. ती आमची चायना. भाऊ तिला सहजासहजी जिंकू द्यायचा नाही, पण ताईला तिची पाठ टेकलेली कधीच मान्य झाली नाही.

कोट अजून आहे. गडी नाही.

बीड जिल्हा

माय-बाप दोघंही ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की गाडी भरायची, आणि आम्ही भावंडं आजीजवळ. उन्हाळा लागल्यावर परत.

मी चौथीत होतो त्या वर्षी बापानं येताना एक गडी आणला. तिकडच्या बाजारातून. निळी चड्डी, उघडं अंग, एक हात वर केलेला. कुणाचा पुतळा ते कळत नव्हतं, चेहरा घासलेला. आमच्याकडं टीव्ही नव्हता, दुसऱ्याच्या दारात उभं राहून बघायचो, त्यामुळं मलाही ओळखता आला नाही. पोरं म्हणाली हा कुणीच नाही.

मी बापाला विचारलं, ह्याचं नाव काय? बापाला टीव्हीतलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या टोळीतल्या सगळ्यात ताकदवान गड्याचं नाव सांगितलं. उसाची मोळी एकट्यानं उचलून फळीवरून गाडीत चढतो म्हणाला. मी तेच नाव ठेवलं. पुढं पोरंही त्याच नावानं हाका मारायला लागली. अंडरटेकरविरुद्ध आमचा मोळीवाला. कुस्त्या रंगल्या. वर केलेल्या हातात मी ज्वारीच्या धांड्याची मोळी बांधून द्यायचो.

दुसऱ्या वर्षी मी गडी बापाच्या पिशवीत ठेवला, तिकडं बरोबर राहावा म्हणून. तो तिकडंच राहिला.

अंबाजोगाई

थोडक्यात लिहितो. मित्राकडं ओवेन हार्ट होता, चुलत्यानं मुंबईहून आणलेला. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत रिंगवर उंचावरून खाली उतरताना पडून ओवेन गेला. ब्रेटचा धाकटा भाऊ. टीव्हीवरचं सगळं ठरवलेलं असतं असं मोठी माणसं सांगायची, म्हणून बरेच दिवस आमचा विश्वासच बसला नाही. बसला तेव्हा मित्रानं त्याला डब्यात ठेवला. नंतर आम्ही त्याला कधी लढवला नाही.

हिंगोली

गडी नव्हते, आम्हीच गडी होतो. दिवाळीच्या सुमाराला वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच. एक अख्खी खोली छातीपर्यंत भरलेली. माळवदाच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावरून त्या कापसावर उडी. चोकस्लॅम घ्या, पॉवरबॉम्ब घ्या, उचलून आपटायचा कुठलाही डाव घ्या, काही लागत नाही. अंगाला खाज सुटते, नाकातोंडात तंतू जातात, तेवढंच.

एकदा अर्धा कापूस विकला गेलाय हे धाकट्याच्या लक्षात आलं नाही. कठड्यावरून उडी, खाली फरशी. मनगट मोडलं. वडील काही बोलले नाहीत, त्याला उचलून नेलं. परत आल्यावर मात्र खोलीला कुलूप. धाकट्याच्या प्लास्टरवर मी पेनानं इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफमधल्या विजेत्याचा पट्टा, काढून दिला होता. प्लास्टर कापलं तेव्हा तेवढा तुकडा त्यानं मागून घेतला.

जालना

मी तुमच्यापेक्षा लहान. आमच्या वेळी नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालेलं होतं, ते २००२ सालीच बदललं. आमचं सगळं टेन स्पोर्ट्सवर. २००७ मध्ये खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले.

माझ्याकडं रे मिस्टिरिओ या मल्लाचा पुतळा होता. गुडघे, कोपर, मान, सगळं वळायचं, त्यामुळं सिक्स वन नाइन ही त्याची चाल हुबेहूब यायची. दोरीवर लटकवून पाय फिरवता यायचे. पण तुमचं वाचून एक जाणवलं. माझा मी एकट्यानं खेळलो. खोलीत, दार लावून. तो अजून कपाटात आहे, एक ओरखडा नाही. सेलचा योकोझुना वाचून मला फार वाईट वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

नांदेड

परभणीच्या दादांना विचारायचं राहिलं. होगनचे हात अजून आवळतात का? ताई विचारतेय.

परभणी, धागाकर्ता

ताईंना सांगा, उजवा आवळतो. डावा ढिलाच आहे.

तुमचं सगळ्यांचं वाचून काल चौरंग उलटा केला. आईनं न विचारता नाडा काढून दिला. पायांच्या खाचांत जुन्या नाड्याच्या घासल्याच्या रेघा अजून आहेत, बोट फिरवलं की लागतात. मुलगी दुसरीत आहे. तिला सांगितलं, योकोझुना आण. तिनं घरभर शोधून टीव्हीच्या रिमोटमधला बारका सेल आणला. होगनच्या हातात बसेना, दरवेळी निसटून खाली. ती म्हणाली, बाबा, हा योकोझुना उपाशी आहे.

मोठा सेल आता घरात नाही. उद्या गांधी पार्कातून दोन आणतो. एक तिच्या मैत्रिणीला लागणार आहे, तिनं आजच पाळी लावून ठेवलीय.