'एंड-टू-एंड टेस्टिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडीकर: एका सौहार्द सहकारी संस्थेच्या ऑनलाइन कर्ज-अर्जाचं काम आमच्याकडं आहे. टेस्टिंगचं टूल कोणतं घ्यायचं, याचं टिपण संचालकांना द्यायचंय, तेही मराठीत. सेलेनियम, सायप्रेस, प्लेराइट ही नावं आहेत तशीच ठेवली. 'एंड-टू-एंड'ला 'आद्यंत चाचणी' लिहिलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "हे अंत वगैरे कशाला कर्जाच्या कागदात?" 'टोकापासून टोकापर्यंत' लिहिलं की केबल टाकायचं टेंडर वाटतं. काय लिहू?

हुक्केरीचे मास्तर: 'आद्यंत' निर्दोष आहे, पण 'साद्यंत' जास्त रुळलेला. साद्यंत हकिकत आपण म्हणतोच. 'आमूलाग्र' मात्र नको. अर्थ मुळापासून शेंड्यापर्यंत असला तरी तो शब्द आता 'बदल' सोडून कुणाजवळ उभाच राहत नाही.

निपाणीकर: मास्तर, 'साद्यंत' म्हटलं की सगळं तपासलं असं वाटतं. इथं सगळं तपासतच नाहीत. लॉगिन, अर्ज, ओटीपी, पावती असा ग्राहकाचा एक रस्ता खऱ्या ब्राउझरात, डेटाबेससकट चालवून बघायचा. व्याजाचं गणित बरोबर आहे का, हे खाली युनिट टेस्टनं, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासून बघायचं. मी 'आरपार चाचणी' म्हणेन.

खानापूरची अक्का: युनिट टेस्टला शाळेपासून 'घटक चाचणी' आहेच की. मग हिला 'वार्षिक' म्हणा आणि मोकळे व्हा!

शहापूरची सून: नाटकवाल्यांकडं तयार शब्द आहे: रंगीत तालीम. नेपथ्य, कपडे, दिवे सगळं खरं, फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाही. आणि टूलचं नाव काय, तर प्लेराइट, म्हणजे नाटककार!

निपाणीकर: आमच्याकडं तालीम म्हटली की लाल माती आन् लंगोट. संचालक विचारतील, जोर कोण मारणार?

हुक्केरीचे मास्तर: शिवाय 'तालीम' अरबी. प्रतिशब्दच काढायचा तर निदान आपला काढा.

खानापूरची अक्का: आपला म्हणजे कुठला हो? सुपारी कातरता तो अडकित्ता कानडीतनं आलेला. अडके म्हणजे सुपारी. उद्यापासून दातानं फोडणार काय? आणि तालीम कानडीतही 'तालीमु' म्हणून चालते. टिपणाची कानडी प्रत काढताना तेवढाच एक शब्द शोधायचा वाचला.

हुक्केरीचे मास्तर: घडवलेले शब्दही रुजतात, अक्का. 'महापौर' सावरकरांनी दिला, आज आपल्या बेळगावच्या महानगरपालिकेत बिनतक्रार चालतो. त्याच सावरकरांना १९५० मध्ये इथंच हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं होतं.

टिळकवाडीकर: मास्तर, तुरुंगातनं बाहेर या. टूलचं कुणी बोलेल काय?

निपाणीकर: बोलतो. सेलेनियम २००४ पासूनचं. जावा, पायथन, जे येतं त्यात लिहा. माणसंही पटकन मिळतात. पण कशासाठी किती थांबायचं ते आपण सांगायचं. पोरं कंटाळून सरळ पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरीव थांबा, ठोकतात. नेट मंद असलं की पाच पुरत नाहीत, नसलं की फुकट जातात. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० चं. बटण दिसेपर्यंत, हलायचं थांबेपर्यंत ते आपणहून थांबतं, मगच क्लिक करतं. आयफोनवाले ग्राहक असतील तर सफारीच्या जातीच्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनवरही चालवता येतं. सायप्रेस चालताना बघायला फार गोड, पण जावास्क्रिप्ट नाहीतर टाइपस्क्रिप्टच पाहिजे, आणि दुसरा टॅब त्याला थेट हाकता येत नाही. तुमची पावती नव्या टॅबात उघडते काय?

टिळकवाडीकर: उघडते. आणि वर मराठी-कानडी असं भाषेचं बटणही आहे.

निपाणीकर: मग नीट ऐका. 'पुढे जा' या अक्षरांवरनं बटण शोधलं, तर कानडी निवडल्याबरोबर टेस्ट पडणार. बटणाला न बदलणारा टेस्ट-आयडी, म्हणजे कोडमधलं एक ओळखनाव द्या. तिन्ही टूलना तो चालतो. आणि टेस्ट रात्री लिनक्सच्या मशीनवर चालणार असतील तर तिथं देवनागरी आन् कन्नड दोन्ही फाँट आधी टाका. नाहीतर स्क्रीनशॉटमध्ये नुसते डबे. माझं मत प्लेराइट.

शहापूरची सून: सेलेनियम हे नाव कुठलं? ग्रीक चंद्रदेवता सेलेनी?

निपाणीकर: मूलद्रव्याचं नाव तिच्यावरनं. टूलचं नाव थट्टेतनं आलं असं सांगतात. तेव्हा मर्क्युरी, म्हणजे पारा, नावाच्या कंपनीचं टूल बाजारात होतं, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा!

टिळकवाडीकर: बरं, मग 'फ्लेकी टेस्ट'ला काय लिहू? आज पास, उद्या फेल, कोडला हात न लावता.

शहापूरची सून: लहरी.

हुक्केरीचे मास्तर: लहर माणसाला येते, यंत्राला नव्हे. 'अनिश्चित' लिहा.

निपाणीकर: अनिश्चित तर पाऊसही असतो, मास्तर. 'बेभरवशी' लिहा.

खानापूरची अक्का: भरवशाच्या म्हशीला टोणगा! 'टोणगा टेस्ट' लिहा, एका वाचनात कळेल.

हुक्केरीचे मास्तर: अक्का, टोणग्यात वाईट काय आहे? आणि 'बेभरवशी'तला 'बे' फारसी आहे, हे नोंदवून ठेवतो.

खानापूरची अक्का: ठेवा. 'नोंद' तरी कुठला शब्द ते बघून ठेवा.