मदत हवी आहे: रेड स्नॅपर माशाच्या कोट्याचा हिशोब कुणी समजावून सांगेल का?

ह्यूस्टनकर मंडळी, मेक्सिकोच्या आखातात टेक्सासलगतच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) हद्दीत गळाने हौशी मासेमारी करणाऱ्याला दिवसाला 2 रेड स्नॅपर, तेही किमान 16 इंची आणि ठरलेल्या हंगामातच. धंदेवाल्यांना 2007 पासून प्रत्येकाचा वजनी कोटा. ते वर्षभर जातात, 13 इंची मासाही ठेवतात. एकूण कोट्याचं वाटप 51 टक्के त्यांचं, 49 आपलं. त्यांचं पोट त्यावर आहे, हे मान्यच. पण खोलातून ओढलेला लहान मासा नियमानुसार सोडावा, तर जठर तोंडातून बाहेर आलेलं, पाण्यावर उताणा तरंगत राहतो. फार वाईट वाटतं. असे मेलेले मासे दोन्ही वाट्यांत कसे धरतात? आखातातल्या मासेमारीचे नियम सुचवणाऱ्या कौन्सिलला लेखी मत पाठवायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.