मदत हवी आहे: हरभऱ्यातला वाघ चितळांना ओळखीचा झाला

नमस्कार मंडळी. वावर चिमूर तालुक्यात, जंगलाला लागून. हरभरा घाट्यावर आलाय. रात्री चितळांचा कळप, पहाटे रोही (नीलगाय). जागलीला माणूस मिळत नाही, कारण खरा वाघही फिरतो इकडं.

म्हणून धुऱ्यावर खोटा उभा केला. पट्ट्यापट्ट्याचं ब्लँकेट शिवलं, आत तणीस भरलं. आठवडाभर चितळं लांबूनच पाय आपटत, शेपट्या वर करून ओरडत. आता वाघाच्या पायाशीच लेंड्या पडलेल्या असतात, शेजारचे शेंडे खुडलेले.

यूट्यूबवर अमेरिकेतले शिकारी उलटं काम करताना दिसले. नोव्हेंबरात माजाच्या दिवसांत प्लास्टिकची हरिणी उभी करून व्हाइटटेल जातीच्या हरणाच्या नराला जवळ बोलावतात. (तिथं परवान्यावर चालतं, आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार गुन्हा आहे. मला फक्त हाकलायची आहेत, कोणी भलतं समजू नये.) पुतळ्याला हात लावताना रबरी हातमोजे घालतात, कारण नर सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि वास घेतो. शेपटीलाही हलणारं काहीतरी बांधतात. माझ्या वाघाला वास तणसाचा आणि बिडीचा, हालचाल शून्य. त्याला भ्यावं तरी कशाला?

तर वाघ कुठं लावू, आणि वासाचं काय करू?

धानवाला: भाऊ, मोकळ्यावर उभा दिसणाऱ्या वाघापासून चितळ पळत नाही, त्याच्यावर नजर ठेवून ओरडतं. दबा धरलेल्याचं भ्या असते. तुरीच्या ओळीत अर्धा लपवा, तोंड जंगलाकडं, शेपटीला रिबीन. दर दोन-तीन रात्रींनी जागा बदला. कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं एकानं माकडांसाठी कुत्र्यालाच पट्टे रंगवले होते, 2019 ची बातमी. निदान तो वाघ चालत तरी होता! आणि तारेत घरची लाइन सोडू नका राजेहो, खरा वाघ मेला तर जेल. सोलरचं झटका मशीन बरं, कुंपणाच्या तारेला नुसता झटका देते, जीव घेत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: झटका मशीनची चौकशी करतोच. आज संध्याकाळी वाघ तुरीत बसवतो, रिबीन लेकीकडून घेतली. पण रोही? तो वाघाकडं बघतही नाही, तुरीची फांदीच मोडतो. खास रोह्यासाठी कोणी काही करून पाहिलंय का?