चर्च चालवणं हा फायद्याचा धंदा आहे का?

रामबागवाले
पुतण्या ह्यूस्टनला असतो. तो तिथलं लेकवूड चर्च 'बघायला म्हणून' जाऊन आला आणि मला व्हिडिओ पाठवला. पूर्वीचं बास्केटबॉलचं स्टेडियम, साधारण १६ हजार खुर्च्या. आधी भाड्यानं घेतलं, मग २०१० मध्ये शहराकडून ७५ लाख डॉलरना विकतच घेतलं. २०१४ मध्ये तिथली तिजोरी फुटली तेव्हा जगाला कळलं, की एका शनिवार-रविवारचं दान सहा लाख डॉलर होतं. रोख आणि चेक मिळून, दोन दिवसांचं! माल भरायचा नाही, उधारी नाही, वर इन्कम टॅक्स माफ. इंदूरच्या शीतलामाता बाजारात आयुष्य काढलं, पण असा गल्ला पाहिला नाही. माझं मत सरळ आहे: हा नफ्याचा धंदा आहे, फक्त तसं म्हणायची पद्धत नाही. खोडायचं असेल तर हिशेबानं खोडा, भावनेनं नको.

ताळेबंद
हिशेबानंच बोलू, काका. गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. नफा मालकाच्या खिशात जातो. इथं मालक कोण? आपल्याकडे धार्मिक न्यासाला करमाफी हवी असेल तर उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टावर खर्चावे लागतात, किंवा कशासाठी साठवतोय ते आधी लिहून द्यावं लागतं. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला फायदा पोचवला की माफी धोक्यात. परदेशातून पैसा येत असेल तर तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक शाखेतच उतरतो, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातले २० टक्केच कार्यालयीन खर्चाला वापरता येतात. आधी ५० होते. असा धंदा तुम्ही कराल?

छप्पन_दुकान
कायदा सांगू नका ताई, चालतं काय ते बघा. लेकवूडचे मुख्य पास्टर जोएल ओस्टीन २००५ पासून चर्चचा पगार घेत नाहीत. केवढा त्याग! पण त्यांची पुस्तकं लाखांनी खपतात आणि ती घेणारा वाचक त्या व्यासपीठामुळेच तयार होतो. पैसा दानपेटीत नसतो हो, दानपेटीमुळे जे नाव होतं त्यात असतो.
आणि खिशात घालायचेच असतील तर कायदा काय अडवतो? सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलरची अफरातफर झाली. मोठा वाटा कशात गेला? पास्टरच्या बायकोच्या पॉप गायनाच्या करिअरमध्ये!

ताळेबंद
आणि तुरुंगात कोण गेलं, तेही लिहा की. तेच पास्टर, 'कोंग ही' नावाचे, आणि त्यांचे सहकारी. अपिलात शिक्षा कमी होऊनही पास्टरांना साडेतीन वर्षं बसली. चोरी करता येते म्हणून तो धंदा ठरत नाही. तसं तर सहकारी बँकाही झाल्या मग.

नगरची_लेक
मी मराठी ख्रिस्ती, माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्नानंतर इंदूरला. आमच्याकडे सुगीच्या सणाला बायका ज्वारी, कोंबडी, अंडी घेऊन चर्चात येतात आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. डझनभर अंडी कोणीतरी चढ्या भावानं घेतं आणि पुन्हा लिलावाला परत देतं. त्यातून कौलं बदलायची, पाळकांचं, म्हणजे आमच्या पास्टरांचं, थकलेलं मानधन द्यायचं. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्या म्हणतात, पण ज्याची मजुरीच रोजची, तो दशांश कशाचा काढणार? इंदूरचं व्हाइट चर्च बाहेरून केवढं देखणं दिसतं, पण अशा जुन्या इमारतीची डागडुजी काय खाते ते एकदा कंत्राटदाराला विचारा. काका, तुमचा पुतण्या लेकवूडला गेला. आमच्या गावच्या चर्चला कोणी 'बघायला म्हणून' येत नाही.

ताळेबंद
हेच म्हणत होते. अमेरिकेतही २०२० च्या मोठ्या पाहणीत मधल्या चर्चची (निम्मी याहून लहान, निम्मी मोठी) रविवारची हजेरी ६५ माणसं निघाली. २००० साली ती १३७ होती. ६५ माणसांत इमारत, पाळक, वीजबिल! आणि मोठं झालं म्हणजे सुटलं असंही नाही. कॅलिफोर्नियाचं क्रिस्टल कॅथेड्रल, दहा हजारांवर काचा, टीव्हीवर जगभर प्रक्षेपण. २०१० मध्ये दिवाळखोरीत. शेवटी कॅथलिक धर्मप्रांतानं पावणेसहा कोटी डॉलरना विकत घेतलं.

रामबागवाले
दुकानंही बुडतात, वहिनी. म्हणून दुकानदारी हा धंदा नाही असं कोणी म्हणत नाही. ६५ माणसांवालं चर्च हा न चाललेला धंदा, एवढंच.

जुना_राजवाडा
फक्त चर्चच का दिसलं? खजराण्याच्या गणपती मंदिराची दानपेटी उघडली की पेपरात नोटा मोजतानाचा फोटो येतो. तेव्हा कोणी धागा काढत नाही.

छप्पन_दुकान
काढा की भिया, तिथंही येतो. पण खजराण्याच्या कारभारात निदान कलेक्टर बसतो.

नगरची_लेक
कलेक्टर चर्चच्या न्यासांनाही सुटलेला नाही. मध्य प्रदेशात १९५१ च्या कायद्यानं सार्वजनिक न्यासांचा निबंधक तोच असतो.
पण काकांना खरा पैसा कुठे आहे ते सांगते, आमच्याच लोकांना राग आला तरी. तो जमिनीत आहे. मिशनऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावाबाहेर जागा घेतल्या. शाळा, दवाखाने, बंगले बांधले. गाव वाढलं, जागा भर चौकात आली. आता दानपेटीत जमणार नाही एवढं एका भाडेपट्ट्याच्या सहीत फिरतं. कमिटीच्या निवडणुकीत भांडणं होतात, कोर्टात दावे वर्षानुवर्षं पडून असतात, ते प्रवचन कोणी करायचं यावरून नसतात. आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, म्हातारीला कुठली जागा कितीला गेली हे बिल्डरची पाटी लागल्यावर कळतं.

रामबागवाले
म्हणजे धंदा आहेच. गल्ला दुसरीकडे आहे एवढंच.

नगरची_लेक
धंद्यात मालक आपली जागा विकतो, काका. इथं विकणाऱ्याची ती नसतेच.

ताळेबंद
म्हणूनच 'नफा किती' यापेक्षा 'सही कोणाची' हे विचारायला हवं. जर्मनीत बघा, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांकडून सरकारच आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर वसूल करून देतं. नको असेल त्यानं रीतसर नाव काढून घ्यायचं. त्यात पास्टरच्या करिष्म्याला भाव नाही.

छप्पन_दुकान
सरकारनं वसुली करून दिलेला धंदा! शीतलामाता बाजाराला ही योजना लागू होते का, काका?

रामबागवाले
माझ्याकडे वसुलीला सरकार येतं, पण स्वतःसाठी. नगरच्या ताई, त्या भाडेपट्ट्याच्या भानगडीवर वेगळा धागा काढा. कागद कुठून मिळतात, मंडळीतल्या साध्या माणसाला ते मागता येतात का, तेवढं लिहा.