प्रसूतीची तारीख उलटल्यानंतरचे दिवस : आपले अनुभव लिहा

दिलेली तारीख उलटली आणि कळांचा मागमूसही नाही, असे दिवस ज्यांनी काढले त्यांनी ते कसे निभावले, हे येथे लिहावे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ही तारीख काढतात आणि नेमकी ती साधणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच असतात. तरीही घरातले सगळे त्याच दिवसाकडे डोळे लावून बसतात.

पहिलटकरीण
‘अजून काहीच नाही का?’ या प्रश्नाने मी थकून गेले होते. शेवटी नवऱ्याने सर्व नातेवाइकांना ‘बाळ झाले की आम्हीच कळवू’ असा निरोप पाठवला आणि माझा फोन स्वतःकडे ठेवून घेतला. नातेवाइकांना तारीख न सांगता फक्त महिना सांगावा, असे मला मनापासून वाटते.

पाळी अनियमित असलेली
माझी पाळीवरून काढलेली तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीची तारीख यांत बरेच अंतर होते. डॉक्टरांनी सोनोग्राफीची तारीख ग्राह्य धरल्यामुळे मी खरे तर उशिरात नव्हतेच.

दोन मुलांची आई
एक्केचाळिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली. शेवटच्या दिवसांत बाळ कमीच हलते, असे घरातील मोठ्यांचे म्हणणे होते, परंतु तसे नसते. हालचालीचा प्रकार थोडा बदलला तरी ती कमी होता कामा नये, असे मला तपासणीच्या वेळी बजावलेले होते, म्हणून सकाळची वाट न पाहता आम्ही रुग्णालयात गेलो. तेथे पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला आणि सोनोग्राफीत गर्भजल पाहिले. पाणी कमी झाले होते, त्यामुळे त्याच रात्री कळा आणण्याचे ठरले. रात्रीअपरात्री शंका घेऊन जाण्याचा संकोच कृपया कोणीही बाळगू नये.

औषधाने कळा आणलेली
बेचाळीस आठवड्यांनंतर वार (गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणारा, नाळेला जोडलेला भाग) थकण्याचा व बाळाला धोका होण्याचा संभव वाढतो, म्हणून डॉक्टर त्याआधीच कळा आणण्याचा सल्ला देतात. मला प्रथम पिशवीचे तोंड मऊ करणारी जेल लावली, नंतर सलाईनमधून औषध दिले. लगेच प्रसूती होईल या समजुतीने गेल्यास निराशा होते. पहिल्या खेपेस एक दिवसाहून अधिक वेळही लागू शकतो. घरी कोणी एरंडेल घेण्याचा आग्रह केला, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.